अकरा मिनिटं चाळीस सेकंद

जळगावच्या नाट्यगृहात दुपारी दोन वीसचा स्लॉट,
जेवणानंतरचा, म्हणजे झोपेचा.
गळ्यात ओळखपत्र, बोरसेचं बोरडे झालेलं,
आणि एक कुपन: फक्त दिग्दर्शकासाठी.
आम्ही आलो होतो सात जण.
एका ताटातल्या पुऱ्या
कैसर पिंजारीनं पत्ते पिसल्यासारख्या वाटल्या.

कॅमेरा त्याचा. हार्डडिस्क त्याचीच,
लग्नांनी भरत आलेली.
दोन हळदींच्या मध्ये अडीच दिवस मोकळे होते,
तेवढ्यात पिक्चर केला
पारोळ्याबाहेरच्या वजनकाट्यावर:
रात्रभर ट्रक येतात, भरलेले, रिकामे,
एक मुलगी पावत्या फाडते.
एवढंच.

काटा सुपडू महाजनचा.
भाडं घेतलं नाही, लाइटबिलाचं नावही काढलं नाही,
फक्त म्हणाला, मना बी एक शॉट ल्या.
घेतला. साडेतीन मिनिटांचा.
बशीत चहा ओतत सुपडूआण्णा सांगतो
की कॅबिनमध्ये क्लीनर झोपलेला असतो,
भरल्या ट्रकात मोजला जातो,
रिकाम्यातही मोजला जातो,
म्हणून वजाबाकीत
तो कुणाच्याच खात्यात राहत नाही.
मग फुंकर मारतो. पितो.

फॉर्मवर अट होती, बारा मिनिटांच्या आत.
रात्री दीड वाजता
लॅपटॉपखाली ओला टॉवेल ठेवून
मी सुपडूआण्णाला उचलला
आणि पिक्चर कुठेच लंगडला नाही.
तेच जास्त लागलं.
त्याला सांगायचं राहिलं.
राहिलं नाही, मी ठेवलं.

निवेदिका म्हणाली, यानंतरचा लघुपट, 'कट्टा'.
मागे कुणीतरी हसलं, गावठी समजून.
काना पुढे सरकवायला
मी अर्धी उठले, पुन्हा बसले.
दिवे गेले. बाहेर जायच्या दाराचा पडदा
हातभर आखूड होता, तिथून ऊन आत येत होतं
माझ्या रात्रीत.

तिसऱ्या रांगेत सुपडूआण्णा,
शर्टाची घडी अजून न मोडलेली,
शेजारी कासोद्याची बहीण.
दर ट्रकला तो पुढे वाकतो:
आते येस का मी?
मी म्हणते, बघा ना.
बहीण विचारते, खाले काय लिखेल शे?
जे ती बोलनी तेच, मराठीत.
मंग पुन्हा कसाले?
याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

नवव्या मिनिटाला मुलगी एकटी.
पावती फाटते, बाहेर ब्रेक लागतो
आणि फ्रेमच्या डावीकडून, न दिसता,
कुणीतरी खोकतं.
तो खोकला काढायला मी दोन रात्री घातल्या होत्या,
ब्रेकच्या आवाजाला चिकटला होता, निघाला नाही.
सुपडूआण्णानं बहिणीचं कोपर धरलं.
हाऊ मी, म्हणाला.
हाऊ मना खोकला.

नंतर परीक्षकांनी माईक घेतला.
फ्रेमबाहेरचा तो खोकला,
म्हणाले, फार विचारपूर्वक योजलेला आहे,
एक अख्खा माणूस न दाखवता उभा राहतो.
उभा होताच.
आपल्याला बोलावलं असं वाटून
तो तिसऱ्या रांगेत उठला होता,
हात जोडून, चारही दिशांना थोडा थोडा वळत.
टाळ्या झाल्या, बऱ्यापैकी.
बक्षिसं संध्याकाळी होती,
आम्ही साडेचारची एसटी धरली.

बसमध्ये त्यानं बहिणीला दोनदा खोकून दाखवलं.
मग बराच वेळ गप्प.
मग मागे न वळता:
उरेल मी कोठे शे?
हार्डडिस्कमध्ये आहे, मी म्हणाले.
मंग ऱ्हाऊ दे. पुसू नको.
मी कैसरकडे पाहिलं.
उद्या सकाळी त्याची धरणगावला हळद होती.
तो खिडकीबाहेर पाहत राहिला,
एरंडोल येऊन गेलं तरी.